चौदा आकडी नंबर, दोन वेळा

आमच्या कॉलेजातल्या दोन मुली घरगुती पदार्थांचा धंदा सुरू करायच्या विचारात आहेत. त्या मला अधूनमधून फोन करतात. एकीचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, आधी लायसन्स काढायचं का आधी चटणी करायची?" मला हसू आलं, कारण आमच्या शेंगा चटणीच्या धंद्यात आम्ही आधी लोगो केला होता. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकावं म्हटलं. तारखा माझ्या वहीतल्या आहेत, आकडे शेटच्या, म्हणजे आमच्या हिशेब ठेवणाऱ्या मित्राच्या, डायरीतले.

जुलै २०२३. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मायक्रोबायोलॉजी. राहायला सोलापूरजवळ कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत. बाहेरच्यांसाठी सांगते, विडी कामगार बायकांसाठी २००६ साली उभी राहिलेली ही दहा हजार घरांची वसाहत. माझी अम्मा विड्या वळते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, म्हणून ती आई नाही, अम्मा. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, तिचा मला शाळेपासून आधार होता.

कॉलेजच्या इनोव्हेशन सेलने बिझनेस आयडियांची स्पर्धा लावली. आम्ही तिघांनी नाव दिलं. मी, कॉम्प्युटरचा एक मित्र आणि बी.कॉम.चा एक. बी.कॉम.वाल्याला सगळे शेट म्हणतात, कारण कँटीनच्या चहाचाही हिशेब तो खिशातल्या डायरीत लिहितो. आयडिया सोपी होती. सोलापूरची शेंगा चटणी लोक पुण्या-मुंबईला पिशव्या भरून नेतात, आणि आमच्या गल्लीत ती उखळात कांडणाऱ्या चार बायका आहेत. स्लाइडवर मी लिहिलं, 'उद्देश : विडी कामगार महिलांना सन्मानाचा पर्यायी रोजगार.' हे वाक्य लिहिताना त्या चौघींना मी काहीही विचारलं नव्हतं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, २,००० रुपये आणि प्रमाणपत्र.

त्या पैशात आणि प्रत्येकी दीड हजार घालून ऑगस्टमध्ये पहिला घाणा केला. चटणी उखळातलीच हवी हा हट्ट अक्कांचा. अक्का आमच्या शेजारी राहतात, चौघींत वयाने मोठ्या. मिक्सर दाणे कापतो, त्याने पूड होते. उखळात दाणा चेचला जातो. आधी मुसळाचा कोरडा ठक ठक आवाज येतो. मग लसूण, जिरं, मीठ, तिखट पडतं आणि दहाएक मिनिटांनी आवाज बदलतो, जड आणि ओलसर होतो. तेल सुटलं की तसा आवाज येतो. अक्का तिकडे न बघता दुसऱ्या खोलीतून सांगतात, "झालं, काढ आता." मी तीन वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकले, पण हा कान मला अजून आलेला नाही.

सप्टेंबरात गणपतीत कॉलेजात स्टॉल लावला आणि ६० पाकिटं विकली. आम्ही हवेत. आठ दिवसांत १९ पाकिटं परत आली. तेल पाकिटाबाहेर आलेलं, दोन-तीन पाकिटांना खवट वास. चटणी गरम असतानाच भरली होती, प्लॅस्टिक पातळ होतं आणि उरलेला माल खिडकीत उन्हात ठेवला होता. मायक्रोबायोलॉजीच्या मुलीने हे करावं याची लाज वाटली. दाण्यातल्या तेलाला हवा आणि ऊन लागलं की ते खवटतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. सगळ्यांचे पैसे परत केले. तुम्ही कांडलेलं काहीही विकणार असाल तर ते परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, आतून चंदेरी थर असलेलं उभं पाकीट घ्या, आणि पहिल्या घाण्यातली चार पाकिटं स्वतःच्या घरी ठेवून दर आठवड्याला एक फोडून बघा. खिडकीत नाही, कपाटात. दाणे घेतानाही निवडून घ्या. बुरशी लागलेला, काळपट, सुरकुतलेला दाणा भाजून झाकता येतो, पण त्यातलं विष भाजण्याने पूर्ण जात नाही.

यानंतर कागदपत्रांकडे वळलो. खरं तर स्टॉलच्या आधी वळायला हवं होतं.

पहिला प्रश्न, धंदा कुणाच्या नावावर? भागीदारी करायची तर करारनामा, मुद्रांक, फर्मचं वेगळं पॅन. ओळखीत एक दादा सीएचं शिकत होता. तो म्हणाला, "शिकताय तोवर एकाच्या नावावर ठेवा, आपसांत मात्र लिहून काढा." स्वयंपाकघर आमचं, म्हणून नाव माझं. आपसातलं लिखाण वहीच्या एका पानावर केलं. कोण किती पैसे घालणार, कोण काय काम करणार, कुणी सोडून गेलं तर काय, आणि तोटा झाला तर किती होईपर्यंत थांबायचं. चौथा मुद्दा लिहिताना कुणालाच मजा आली नाही. पुढे तिसरा मुद्दाच कामी आला.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद. आधार आणि पॅन लागतं, पैसे शून्य. हे शून्य नीट लक्षात ठेवा. शेटने मोबाइलवर शोधलं आणि जी पहिली वेबसाइट आली तिच्यावर फॉर्म भरला. तिरंगा होता, सिंहाची मुद्रा होती, सगळं अगदी सरकारी दिसत होतं. शेवटी १,४९९ रुपये मागितले, त्याने भरले. प्रमाणपत्र आलं ते खरंच होतं. फुकटचा फॉर्म भरून देण्याची मजुरी त्यांनी घेतली होती. चहाचा हिशेब ठेवणारा शेट दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का तेवढं बघा, बाकी काही बघू नका.

खाद्यपदार्थांची नोंदणी फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर होते. तेव्हा, २०२३ मध्ये, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर लायसन्स लागत नव्हतं, साधी नोंदणी पुरायची, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. एजंट याचे दोन-अडीच हजार सांगत होता. मी ३ ऑक्टोबरला अर्ज भरला. फोटो, आधार, जागेचा पुरावा म्हणून लाइट बिल. सहाव्या दिवशी अर्ज परत आला. बिल अम्माच्या नावावर, अर्ज माझ्या नावावर, जागा वापरायला तिची हरकत नाही याचा कागद कुठे आहे? चूक माझीच. साध्या कागदावर संमतीपत्र लिहून अम्माची सही घेतली आणि त्याच संध्याकाळी पुन्हा चढवलं. अर्ज परत आला तर तो नाकारला असं समजू नका. पण उत्तराला मुदत असते, म्हणून रोज लॉगिन करून बघा. एसएमएसच्या भरवशावर राहू नका.

नवरात्रात, १८ ऑक्टोबरला, अन्न सुरक्षा अधिकारी बघायला आले. मी घाबरून आदल्या रात्री भिंतीसुद्धा पुसल्या होत्या. त्यांनी भिंतींकडे पाहिलंच नाही. कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, कांडताना केसांना काय बांधता, चौघींची वैद्यकीय तपासणी झाली का, एवढं विचारलं. मग वर बोट दाखवून म्हणाले, "हा बल्ब उघडा आहे. फुटला तर काचा थेट उखळात." दोन वर्षं आम्ही त्या बल्बखाली बसत होतो. ८० रुपयांचं कव्हर आणलं. तपासणीचे दाखले माणशी १०० रुपयांत झाले. २६ ऑक्टोबरला नोंदणीचा नंबर आला, चौदा आकडी. मी तो अम्माला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लॉटरीचा आहे का?"

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर फक्त सूचना द्यायची असायची, ऑनलाइन, किरकोळ शुल्कात. त्यात मराठी पाटीसह जागेचा फोटो मागतात. त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती, त्यामुळे पाटीचा विषय गाजत होता. आमच्याकडे पाटी नव्हती. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर लाल रंगाने नाव लिहिलं आणि धाकट्या भावाला तो दाराशी धरून उभं केलं. फोटोत त्याची बोटं दिसतात. चाललं.

उद्यम आणि गुमास्ता ही दोन कागदं घेऊन बँकेत चालू खातं उघडलं, ५,००० रुपये आणि अकरा दिवस. वजनकाट्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. शिवाय पाकीटबंद माल विकणाऱ्याची वैधमापन विभागाकडे वेगळी नोंदणी असते, तिचे ५०० रुपये. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, एका पापडवाल्या मावशींकडून कळलं. खरी माहिती मला बहुतेक वेळा अशीच मिळाली, आपल्या दोन पावलं पुढे असलेल्या माणसाकडून.

लेबलचं प्रकरण वेगळंच. नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, प्रति ग्रॅम किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावी, पत्ता, तक्रारीसाठी फोन, बॅच नंबर, शाकाहाराची हिरवी खूण, चौदा आकडी नंबर. ॲलर्जीची सूचना म्हणून शेंगा चटणीच्या पाकिटावर 'यात शेंगदाणे आहेत' असंही छापलं. एवढं सगळं बसवल्यावर लोगोला अंगठ्याएवढी जागा उरली. तीन आठवडे ज्या लोगोवर भांडलो, तो आता फक्त आम्हालाच दिसतो. पाकिटं एकदम हजार छापू नका. आम्ही छापली, स्वस्त पडली म्हणून. त्याची गोष्ट पुढे.

उलाढाल ४० लाखांच्या बरीच आत, म्हणून जीएसटीची नोंदणी नव्हती. पण याची एक मेख आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे पाहुणे तेलंगणात. हैदराबादहून फोन यायचे, वीस पाकिटं पाठव म्हणून. चुलत मामाला 'नाही' सांगताना जे वाटतं ते कुठल्याच फॉर्मवर भरता येत नाही.

आता जे सांगायचं आहे ते.

दिवाळीसाठी १४० किलोची मागणी आली. चौघी रात्री अकरापर्यंत कांडत होत्या. माल वेळेत गेला, आम्ही तिघांनी बाहेर जेवून साजरं केलं. चौघींना बोलवायचं कुणाला सुचलं नाही. भाऊबीज झाली, पुढच्या सोमवारी नवी ऑर्डर होती आणि कामाला एकच जणी आली. मंगळवारी तीही नाही. मी ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला, 'असं न सांगता गैरहजर राहिलं तर धंदा कसा वाढणार, आपण सगळ्यांनी जबाबदारी घ्यायला हवी,' असा. स्पर्धेच्या कार्यशाळेत ऐकलेले शब्द होते. कुणी उत्तर दिलं नाही. अम्माने तो मेसेज ऐकला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "तू हे अक्काला तोंडावर बोलशील?"

संध्याकाळी गेले. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फरमा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, चिमटीने तंबाखू पसरायची, वळायचं, टोक नखाने दाबायचं, दोरा. बोलताना हात थांबले नाहीत.

"हजाराला मला दोनशे मिळतात," त्या म्हणाल्या. "उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत हजार होतात. पीएफ कटतो, बोनस येतो. विडी कामगाराचं कार्ड आहे, तसल्याच कार्डावर तू शिकलीस. तुझ्या चटणीला किलोमागं पंधरा. तुझ्याकडं काय कटतं, मनगट?"

मला उत्तर सुचेना. शेटच्या तक्त्यात मजुरी पंधरा रुपये किलो होती आणि तो आकडा मीच दिला होता. अंदाजे. दोन दिवसांनी मी घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारी बसले. भाजणं, सालं काढून पाखडणं, कांडणं, गार करून भरणं, सगळं धरून किलोला पन्नास मिनिटं. दहा तासांत बारा किलो, म्हणजे १८० रुपये. विडीपेक्षा वीस रुपये कमी, आणि ना पीएफ ना बोनस. माझ्या स्लाइडवरचा सन्मानाचा पर्यायी रोजगार विडीपेक्षा स्वस्त होता.

जुना हिशेब किलोला असा होता. दाणे ११०, तिखट-लसूण-जिरं-मीठ ३८, गॅस ९, पाच पाकिटं ३०, लेबल १०, मजुरी १५, एकूण २१२. पाव किलोपेक्षा थोडं कमी, २०० ग्रॅमचं पाकीट ८० रुपयांना, म्हणजे किलोला ४००. दुकानदार पाव हिस्सा घेतो, आपल्या हातात ३००. वरचे ८८ बघून आम्ही खूश होतो. नव्या तक्त्यात मजुरी सगळ्यात वर लिहिली, ३५ रुपये. दिवसाला बारा किलो झाले तर ४२०. पाकीट ९० रुपयांना केलं. पैसे दर शनिवारी, आमची वसुली झालेली असो वा नसो.

शेट भडकला. "दहा रुपयांनी दुकानदार तुटतील बे. आधी धंदा उभा राहू दे, मग वाढव मजुरी." त्याचं चुकत नव्हतं, दोन दुकानदार तुटलेच. कॉम्प्युटरवाल्या मित्राने त्याच आठवड्यात सांगितलं की त्याला प्लेसमेंटची तयारी करायची आहे. वहीतला तिसरा मुद्दा काढला, त्याचे पैसे दोन हप्त्यांत परत केले. दोस्ती टिकली, आजही तोच लेबल सुधारून देतो. त्या डिसेंबरात मात्र मी दोनदा सगळं बंद करायचं ठरवलं होतं. सहाव्या सेमिस्टरचा अभ्यास, रिकामी ऑर्डरवही, आणि शनिवारी चौघींना द्यायला स्वतःच्या खात्यातून काढलेले १,१०० रुपये. त्या वर्षभरातलं सगळ्यात भीतिदायक काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी अधिकाऱ्यांची भेट सांगणार नाही, तो शनिवार सांगेन.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेने तारलं. सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे बाहेरगावचे पाहुणे, आणि पाहुणा सोलापुरातून चटणीशिवाय जात नाही. १९ जानेवारीला पंतप्रधान कुंभारीला रे नगरच्या १५ हजार घरांच्या कार्यक्रमाला आले. आमच्यातल्या एकीचं नाव त्या यादीत होतं. त्या दिवशी काम बंद ठेवलं. आधी मला वाटलं होतं, ऑर्डर असताना सुट्टी कशी द्यायची. अक्कांनी विचारलंच नाही, सांगितलं. आदल्या दिवशी चौघींनी मिळून सोळा किलो जास्त कांडून ठेवले होते.

कांडून मनगटं जातात हे खोटं नव्हतं. म्हणून छोटं कांडप यंत्र, आमच्याकडचा डंक, घ्यायचं ठरलं. त्याने चेचल्यासारखीच चटणी होते. पैसा कुठून आणायचा? बायकांचा बचत गट आधीपासून होता. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून तेव्हा कमाल ४०,००० रुपये बीज भांडवल गटामार्फत कर्जाऊ मिळत होतं. फेब्रुवारीत ठराव, गटाची पासबुकं, यंत्राचं कोटेशन असं सगळं जोडून अर्ज दिला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान ७ मेला. निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला, फाइल जागेवर. यात रागावण्यासारखं काही नव्हतं, पण अर्ज द्यायच्या आधी वर्षाचं कॅलेंडर बघायला हवं हे कळलं. पैसे ऑगस्टमध्ये आले. यंत्र ३८,५०० रुपयांचं, सिंगल फेजवर चालणारं.

यंत्राने किलोचा वेळ पन्नास मिनिटांवरून तिसावर आला. शेट म्हणाला, "आता मजुरी पंचवीस करू, तरी त्यांना दिवसाचे जास्तच पडतात." गणित बरोबर होतं. मी म्हटलं, यंत्राचा हप्ता कोण फेडतंय? गट. मग वाचलेला वेळ त्यांचा. यावर तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने डायरीत ३५ तसाच ठेवला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. त्याची रेघ म्हणजे पुन्हा चर्चा नाही.

तोवर माझा निकाल लागला होता आणि पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. विद्यार्थ्यांच्या धंद्याचं हेच असतं, तिसऱ्या वर्षी मालकच पास होऊन जातो. मला वाटलं होतं फोनवरून चालवीन. अक्का म्हणाल्या, "साहेब आले तर दाखवू कोण? तुझा फोटो?" नोंदणी त्यांच्या नावावर करायची ठरली.

इथे कळलं की ती नोंदणी दुसऱ्याच्या नावावर बदलून मिळत नाही. नव्याने अर्ज, नवा नंबर, नवी पाकिटं. आणि मी ज्या पायऱ्या तीन आठवड्यांत चढले होते त्या अक्कांना चढायला दोन महिने लागले. आधारला मोबाइल जोडलेला नव्हता, म्हणून ओटीपी येईना. आधार केंद्रावर ५० रुपये आणि तीन फेऱ्या, पहिल्यांदा मशीनने बोटांचे ठसे घेतलेच नाहीत. चाळीस वर्षं पानं वळून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. तिसऱ्या फेरीला आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळून गेलो, तेव्हा घेतले. पॅन नव्हतं, १०७ रुपये. आधारवर आडनावाचं स्पेलिंग एक, लाइट बिलावर दुसरं, म्हणून आणखी एक कागद. सही त्या तेलुगूत करतात. बँकेतल्या मॅडमनी दोनदा विचारलं, "नक्की अशीच करणार ना दर वेळी?" अक्का म्हणाल्या, "पन्नास वर्षं अशीच करते."

वर्षभर मी फॉर्म भरत होते तेव्हा हे सगळं मला सोपं वाटलं, कारण पोर्टल माझ्यासारख्या पोरीसाठीच बनलेलं होतं. तुम्ही कुणाच्या नावावर धंदा करणार असाल तर आजच त्यांचं आधार मोबाइलला जोडून घ्या आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग जुळतं का बघा. बाकीचं नंतर.

९ सप्टेंबर २०२४ ला दुसरा चौदा आकडी नंबर आला. या वेळी वाचून दाखवायची गरज पडली नाही, त्यांनी फोनवर स्वतः बघितला आणि नातवाकडून दारामागे खडूने लिहून घेतला. माझ्या नंबरची मुदत २५ ऑक्टोबरला संपत होती. जुन्या छपाईची पाकिटं तोपर्यंतच वापरायची ठरवली, तरी २१० उरली. त्यांत आता अम्माचं जिरं, मोहरी, साबुदाणा भरलेला असतो. प्रत्येकावर 'यात शेंगदाणे आहेत'.

खर्चाचं विचाराल तर सगळी सरकारी फी मिळून हजार रुपयांच्या आत. तेवढेच नाही, त्याहून जास्त त्या एका वेबसाइटने घेतले. खरा खर्च पाकिटं, परत केलेले पैसे आणि एसटीचं तिकीट. माझे स्वतःचे सहा हजार गुंतले होते, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गटाने फेडायचे असं ठरलं. व्याजाचं मी म्हणाले नाही, अक्कांनी काढलं. मी नको म्हटलं तर रागावल्या.

२०२४ च्या दिवाळीला घरी गेले. डंक चालू होता, पाच बायका होत्या, पाचवी मला ओळखत नव्हती. तिने आधी मला टोपी घालायला लावली आणि मगच आत सोडलं. निघताना पुण्याच्या मैत्रिणींसाठी दोन पाकिटं उचलली. अक्कांनी सुपावरून नजर न काढता नातवाला हाक मारली. त्याने खिळ्यावरची वही काढली, उधारीच्या पानावर माझं नाव लिहिलं आणि पुढे आकडा टाकला, १८०.